हत्तीला उशी आली

सोमवार, ३ फेब्रुवारी

बाबा,

'तीर्थरूप' असं लिहून कागद पुढे ओढला, आणि पुढचं काही सुचेना. सहा वर्षांनी पत्र लिहितेय, त्यामुळे सवय मोडली आहे. सरळ कामाचंच विचारते. पुस्तकाचा कणा सुटला तर काय करायचं?

आईला फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, "मला काय विचारतेस? ज्यांचं काम त्यांना विचार." मी म्हटलं, "मग दे त्यांना फोन." तर म्हणाली, "ते कामात आहेत." सहा वर्षं तुम्ही कामात आहात हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र.

झालं असं. चिमटी आता चार वर्षांची आहे. (नाव वेगळं आहे, ते तुम्हाला आईनं सांगितलं असेलच, पण चिमटे काढते म्हणून आम्ही चिमटीच म्हणतो.) तिच्या बालवाडीतून दर शुक्रवारी एक कापडी पिशवी घरी येते. त्यात एक चित्रांचं पुस्तक आणि एक वही. पुस्तक आईबापांनी मुलाला वाचून दाखवायचं, आणि वहीत लिहायचं की वाचन कसं झालं. या आठवड्यात एका हत्तीची गोष्ट आली. त्याला शिंकच येत नाही. सगळं जंगल उपाय सुचवतं. शेवटी शिंक येते आणि सगळ्यांच्या टोप्या उडतात.

टोप्या उडायच्या आत पुस्तकच उडालं. खालच्या मजल्यावर एक बेकरीवाली राहते, इथलीच, जन्मापासून इथली. तिचा मुलगा चिमटीच्याच वर्गात आहे. गोल आहे म्हणून चिमटी त्याला भोपळा म्हणते, आणि त्याला त्याचा अर्थ माहीत नसल्यामुळे तो 'ओ' देतो. दोघांनी पुस्तक दोन बाजूंनी धरलं. "माझं!" "माझं!" पुढचं तुमच्या डोळ्यांसमोर आलं असेलच. पुठ्ठा चिमटीकडे, हत्ती भोपळ्याकडे.

पुस्तक बालवाडीचं आहे. आधीच मी तिथं कमी बोलते, कारण या भाषेत माझं तोंड अजून नीट वळत नाही. त्यात फाटकं पुस्तक घेऊन जाऊन काय सांगू? एका बाइंडरच्या मुलीला पुस्तक नीट करता येत नाही, हे सांगायला तर भाषाही लागत नाही.

जमलं तर लिहा.

तुमची मुलगी

ता. क. चिकटपट्टी लावू का?


बुधवार, २६ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, हुकूम! ना वर नाव, ना खाली सही. "चिकटपट्टी लावू नकोस. लावली असशील तर ऊन कापड धरून सोडव, ओढू नकोस. मैद्याची खळ कर, पातळ. बाजारचा गोंद नको. टाके जुन्याच भोकांतून घाल. दोरा कण्याच्या दिशेनं ओढ, वर ओढलास तर कागद चिरेल. दिवसभर वजनाखाली ठेव आणि मधेमधे उघडून बघायचा चोंबडेपणा करू नकोस."

चिकटपट्टी लावली होती. ऊन कापडानं सोडवली. उघडूनही बघितलं, दोनदा.

पण शेवटची ओळ वाचून मी पत्र घेऊन बाल्कनीत जाऊन बसले. "पोरीनं फाडलं म्हणजे हाताळलं. न फाटणारी पुस्तकं फक्त कपाटात असतात." बाबा, हे तुम्ही लिहिलंत? आपल्या घरी पुस्तकं लोकांची असायची. 'हात लावू नका, गिऱ्हाइकाचं आहे' हे वाक्य मी 'आई' म्हणायच्या आधी शिकले असेन. घरभर पुस्तकांच्या थप्प्या, आणि गोष्ट ऐकायची तर शेजारच्या घरी जायचं.

खळीसाठी मैदा बेकरीवालीनं दिला. नुसता दिला नाही, खळ कशी होते ते बघायला स्वतः वर आली. मी ढवळत होते आणि ती शेजारी उभी राहून सांगत होती, "गाठी होऊ देऊ नको, गाठी!" मी म्हटलं, "पावासाठी नाहीये हे." ती म्हणाली, "मैद्याला काय माहीत?"

मग चहा झाला आणि ती बोलायला लागली. मला आजवर वाटायचं, इथल्या आया मुलांना वाचून दाखवत असतील तर कसं झऱ्यासारखं वाहत असेल सगळं. भाषा त्यांची, पुस्तक त्यांचं. तर ती सांगते, तिचं काम रात्री सुरू होतं, सकाळी घरी येते तेव्हा दुसऱ्या पानावर तिला झोप लागते. भोपळा तिच्या अंगावर पांघरूण घालतो आणि खेळायला जातो. जागी असली तर ती वाचते तशी, पावाची कृती वाचल्यासारखी. "माझा एक मिनिट बसत नाही," ती म्हणाली. "तुझी मात्र मांडीतून हलत नाही. मी खिडकीतून बघते." चिमटी मांडीत बसते ती माझ्या चुका पकडायला.

आमचं वाचन सकाळी होतं, स्वयंपाकघरात, जमिनीवर बसून. माझी दुकानातली पाळी दुपारची असते. (चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासते मी. आईनं सांगितलं असेल.) मी वाचते आणि ती दुरुस्त करते. "असं नाही आई, असं." सुट्टीच्या दिवशी तुमचे जावई वाचतात. ते लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांच्या हातात प्रत्येक गोष्ट लिफ्टमध्ये जाते. जिराफ म्हणतं, "तिसरा मजला. दरवाजे उघडत आहेत." चिमटी हसून हसून लोळते. वहीत मी लिहिलं, 'वाचन छान झालं.' बाईंनी खाली लिहिलं, 'चिमटीनं वर्गात सांगितलं की हत्ती लिफ्टमध्ये अडकला आहे. कृपया सोडवावे.'

पुस्तक परत दिलं. बाईंनी उलटून पालटून पाहिलं आणि विचारलं, "कुठून करून आणलंत?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांकडून." ते खोटं नव्हतं ना?

आता त्यांनी आणखी सहा फाटकी पुस्तकं दिली आहेत. एकाची पानं मधूनच सुटलीत, पण कणा शाबूत आहे. काय करू?

तुमची मुलगी


मंगळवार, १८ मार्च

बाबा,

सहाही पुस्तकं झाली. शेवटच्या दोनांचे टाके सरळ आले. पण आज पुस्तकांबद्दल लिहीत नाहीये.

मागच्या शुक्रवारी बालवाडीत वाचनाची सकाळ होती. आईबापांनी येऊन वर्गाला एकेक पुस्तक वाचून दाखवायचं. बाईंनी मला हत्तीचंच दिलं, 'तुम्हीच वाचवलंत त्याला' म्हणून. मी आठवडाभर तयारी केली. दुकानात काच घासताना ओठांतल्या ओठांत हत्ती. बसमध्ये हत्ती.

इथल्या भाषेत 'शिंक' आणि 'उशी' हे शब्द सख्खे भाऊ आहेत. एक स्वर लांबवला की शिंकेची उशी होते. घरी मला जमत होतं. वर्गात वीस पोरं, भिंतीला टेकून आईबाप, आणि मी पहिलंच वाक्य वाचलं: एका हत्तीला उशीच येत नव्हती.

पोरं हसत सुटली. मुलंच ती, मलाही हसू आलं. मी पुढं वाचलं. माकड म्हणालं, मिरी हुंग म्हणजे उशी येईल. आणखी हसली. आणि चिमटी उठली, माझ्याजवळ आली, आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. हळूच, मारल्यासारखा नाही. कानात म्हणाली, "तू नको वाचूस. भोपळ्याची आई वाचेल."

बेकरीवाली उठेना. मान हलवत राहिली. शेवटी मीच पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं पावाच्या कृतीसारखं वाचलं. एकही चूक नाही. कुणी हसलं नाही.

घरी येईपर्यंत चिमटीनं माझं बोट धरलं होतं. तिला वाटत होतं तिनं मला वाचवलं. "सगळे हसत होते ना, म्हणून," ती म्हणाली. मी म्हटलं, "बरं केलंस."

बाबा, त्या क्षणापासून मला एकच दिवस आठवतोय. तुम्हालाही तोच आठवेल. हे आणि यांच्या घरचे पहिल्यांदा आपल्याकडे आले होते. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की माझे वडील पुस्तकांच्या धंद्यात आहेत. बांधणी म्हटलं नव्हतं. आणि ते यायच्या आधी मी तुम्हाला म्हटलं, "बाबा, हात जरा टेबलाखाली ठेवा. बोटं फार रंगलीत." सगळा वेळ हात मांडीवर ठेवून बसलात. समोर चहा होता. तुम्ही कपाला हात लावला नाहीत. चहावर साय धरली, ती मला दिसत होती.

इकडे यायला मी निघाले त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "दुकानात काम आहे." मला वाटलं, बाबांना माझं लांब जाणं आवडलं नाही. सगळ्यांना मी हेच सांगत आले, स्वतःलासुद्धा. ते तसं नव्हतं, हे मला माहीत होतं. कबूल करायला चार वर्षांच्या मुलीचा हात तोंडावर यावा लागला.

चिमटी लहान आहे, तिला कळत नव्हतं. मला कळत होतं, बाबा. मी चोवीस वर्षांची होते.

माझं चुकलं.

गेले चार दिवस मी तिला काही वाचून दाखवलेलं नाही. कामानं दमलेय असं सांगते.

तुमची मुलगी


शनिवार, १९ एप्रिल

बाबा,

पार्सल काल आलं. महिनाभर पत्रपेटी बघून बघून मी थकले होते. रोज आईला विचारायचं, "बाबांनी काही...?" आणि तिचं ठरलेलं, "कामात आहेत." काल कळलं, तुम्ही खरंच कामात होतात!

तीन जाड सुया, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं, कापडाच्या पट्ट्या रंगांप्रमाणे लावलेल्या, आणि तुमची ती घडी दाबायची हाडाची पट्टी. ती पट्टी तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. मी पुन्हा पुन्हा बघितलं, तीच आहे का. तीच आहे, टोकाला टवका आहे.

आणि चिठ्ठी. "चहा मी नंतर प्यालो. तुझ्या आईनं परत गरम करून दिला होता. ते मनात ठेवू नकोस. हात रंगलेलेच होते. पोरीला वाचून दाखवणं थांबवू नकोस."

मी दुकानात जाताना चिठ्ठी खिशात ठेवली. तीन वेळा बाहेर काढली. मालकीणबाईंनी विचारलं, "औषधाची आहे का?" मी म्हटलं, "हो."

आता इकडची बातमी ऐका. वाचन मी थांबवलं होतं ते दोनच आठवडे टिकलं. एका सकाळी मी भाजी चिरत होते तर चिमटी पुस्तक घेऊन आली आणि माझ्या मांडीत बसायला जागा शोधू लागली. मी म्हटलं, "बाबा वाचतील संध्याकाळी."

"बाबांच्या लिफ्टचा कंटाळा आला."

"मग भोपळ्याच्या आईकडे जा."

"ती झोपलीय." मग जरा विचार करून म्हणाली, "तू आपल्या बोलण्यात वाच ना. घरातल्या."

"पण यात तसं लिहिलेलं नाहीये गं."

"चित्रं तर तीच आहेत!"

मी विळी बाजूला ठेवली. चित्रं बघत सुरुवात केली, "एक होता हत्ती. अगडबंब! त्याला शिंक म्हणून येईना..." आणि बाबा, कुठून कुठून शब्द आले! अस्वल म्हणालं, "अरे लेका, नाकात दोरी घाल." कोल्हीण म्हणाली, "इश्श, एवढं मोठं नाक आणि एक शिंक नाही? नाक आहे की शोभेची वस्तू?" मला स्वतःला माहीत नव्हतं माझ्या पोटात एवढी वात्रट कोल्हीण आहे. पुस्तक चोवीस पानांचं, आम्हाला पाऊण तास लागला. चिमटी एकदाही म्हणाली नाही, "असं नाही, असं." उलट विचारत राहिली. "लेका म्हणजे?" "अगडबंब म्हणजे केवढं? भोपळ्याएवढं?"

दारात भोपळा उभा होता. आई झोपल्यावर तो वरच येतो. कळत काही नव्हतं, पण हलत नव्हता. जो पोरगा एक मिनिट बसत नाही म्हणे! दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. चौथ्या दिवशी बेकरीवाली धावत वर आली. "माझा मुलगा मला 'आगं बाई' म्हणतोय. ही शिवी आहे का?"

मी म्हटलं, "नाही. हे सगळ्याला चालतं."

ती आता रात्रभर बेकरीत वापरते.

मग आमचं ठरलं. सोमवार-मंगळवार मी दोघांना आपल्या भाषेत सांगते. बुधवार-गुरुवार ती दोघांना त्यांच्या भाषेत वाचते, आणि तिला झोप लागू नये म्हणून चिमटी तिच्या शेजारी बसते. चिमटे काढते! मी मागे बसून ऐकते आणि माझे स्वर नीट करते. आणि माझी कोल्हीण ऐकून ऐकून तीही आता आवाज काढायला लागली आहे. परवा तिचं अस्वल असं गुरगुरलं की खालचा कुत्रा भुंकला.

हे बाईंच्या कानावर गेलं. त्यांनी मला परत बोलावलं, वर्गात, तुमच्या भाषेत वाचा म्हणून. मी नको म्हणणार होते. चिमटीनंच परस्पर होकार दिला. वाचायच्या आधी ती वर्गासमोर उभी राहिली आणि इथल्या भाषेत खणखणीत म्हणाली, "माझी आई दोन भाषांत वाचते. एक बरोबर आणि एक चुकीची. आज बरोबर आहे. चुकीची पण मजेशीर असते."

वीस पोरांना एक शब्द कळत नव्हता. पण मी सोंड वर करून "आ... आ... आऽऽ" म्हटलं की वीस तोंडं उघडायची. शेवटी "आक्छीं!" झालं तेव्हा भोपळा मागं पडला, मुद्दाम. आणि एका कोपऱ्यातून मुलं ओरडायला लागली, "उशी! उशी!" त्यांना मागच्या वेळचं हवं होतं. म्हणून तेही वाचलं. हत्तीला उशी आली, सगळ्यांच्या टोप्या उडाल्या. या वेळी चिमटी सगळ्यांत मोठ्यानं हसत होती, आणि तिचे दोन्ही हात तिच्याच पोटावर होते.

बाबा, एक मागणं आहे. रविवारी फोनवर चिमटीला एक गोष्ट वाचून दाखवाल का? तिला मी सांगितलंय की आजोबांनी हजारो पुस्तकं बांधलीत. ती विचारते, "मग त्यांना हजारो गोष्टी येत असतील?" मी काय उत्तर देऊ?

तुमची मुलगी


सोमवार, १९ मे

बाबा,

कालच्या फोनचं तिकडचं तुम्हाला माहीत आहे. इकडचं लिहिते, कारण तुम्हाला फोनमध्ये फक्त चिमटीचं कपाळ दिसत होतं.

तुमचं आधीचं पत्र मी यांना वाचून दाखवलं होतं. "मी गोष्ट कधी वाचली नाही. मी पानांचे नंबर वाचतो, क्रम चुकू नये म्हणून. मला जमायचं नाही." हे म्हणाले, "जमेल. मी लिफ्ट वाचतो, ते नंबर वाचतील."

तरी मला धाकधूक होती. सकाळपासून घर आवरलं, जसं काही तुम्ही फोनमधून बाहेर येऊन खुर्चीवर बसणार होता. बेकरीवाली गरम पाव घेऊन आली आणि गेलीच नाही. भोपळा टेबलाखाली.

आणि तुम्ही फोन उचललात. आई नाही, तुम्ही. सहा वर्षांनी तुमचं "हं" ऐकलं. मला वाटलं होतं रडू येईल. पण तुम्ही लगेच म्हणालात, "पुस्तक गिऱ्हाइकाचं आहे, बुधवारी द्यायचंय, लवकर आटपू," आणि मला हसूच आलं.

मग सुरू केलंत. "पान एक. एका डबक्यात एक बेडूक राहत होता. पान दोन. त्याला ते डबकं लहान पडू लागलं. पान तीन." एका सुरात, मान वर न करता. हे तोंड दाबून स्वयंपाकघरात पळाले. पण चिमटी बघायला हवी होती. तिला ते पानांचे नंबर म्हणजे गोष्टीचाच भाग वाटत होते. तुम्ही "पान" म्हणालात की ती आणि भोपळा एकदम ओरडायचे, "सात!" "आठ!" आणि तुम्हाला ते ऐकू आलं असावं, कारण दहाच्या पुढं तुम्ही "पान..." म्हणून थांबायला लागलात. मुद्दाम! मी ओळखते तुम्हाला.

चौदाव्या पानावर बेडूक रस्ता ओलांडत होता तेव्हा तुमचा आवाज बदलला. तुमच्या लक्षात आलं का? तुम्ही नंबर म्हणायचं विसरलात. तो बेडूक आता कसा पोचणार याची तुम्हालाच काळजी लागली होती. बेकरीवालीला आपल्या भाषेतलं अक्षरही कळत नाही, ती माझा हात धरून विचारत होती, "पोचला का? पोचला का?"

पोचला. नव्या तळ्याच्या काठावर बसला आणि म्हणाला, "डरांव." तुम्ही पुस्तक मिटलंत.

चिमटी म्हणाली, "मग?"

"मग काय? संपलं."

"मग?"

तुम्ही चष्मा काढलात. मला वाटलं, झालं, आता म्हणतील काम आहे. आईनं मागून काहीतरी म्हटलं, ते तुम्ही हातानं थांबवलंत. मग पुस्तक परत उघडलंत, अगदी शेवटी, आणि फोनसमोर धरलंत. "हे बघ. गोष्ट संपल्यावर आम्ही दोन कोरी पानं लावतो."

"त्यावर तर काहीच नाहीये," चिमटी म्हणाली.

"आहे," तुम्ही म्हणालात. "बघ नीट. दुसऱ्या दिवशी सकाळी बेडूक उठला तर तळ्यात सगळे अनोळखी. एक म्हातारं कासव म्हणालं, कोण रे तू? कुठला?..."

आणि तुम्ही सांगत राहिलात. वीस मिनिटं. कासवाला बेडकाची भाषा कळेना, बेडकाला कासवाची. भोपळा टेबलाखालून बाहेर आला. पाव गार झाले. एवढं मोठं वाक्य तुम्ही एका दमात बोलू शकता, हे आईलाही माहीत नसावं, कारण तीही तुमच्या खांद्यावरून त्या कोऱ्या पानांकडे बघत होती.

बाबा, ती कोरी पानं लावताना मी तुम्हाला लहानपणापासून पाहत आले. वाचताना काल पहिल्यांदा ऐकलं.

तुमची मुलगी